त्या निर्णयाचा कागद दाखवा

अधिवेशन चालू असताना दर गुरुवारी दुपारी बारा वाजता एडिनबरामध्ये स्कॉटलंडच्या फर्स्ट मिनिस्टरना, म्हणजे तिथल्या मुख्यमंत्र्यांना, सभागृहात उभे राहून पाऊण तास प्रश्न झेलावे लागतात. पहिली पाळी विरोधी पक्षनेत्याची. तो काय काढील ते आधी कळत नाही, म्हणून फर्स्ट मिनिस्टरपुढे जाडजूड फाइल उघडी असते. रुग्णालयांतली प्रतीक्षायादी, शिक्षकांची संख्या, पोलीस ठाणी, रखडलेला महामार्ग, कशाचाही आकडा त्यात चटकन सापडला पाहिजे. मध्येच सत्ताधारी बाकावरचे एखादे आमदार उठतात आणि लंडनच्या सरकारमुळे स्कॉटलंडचे किती नुकसान झाले असे फर्स्ट मिनिस्टरना वाटते, असा मऊसूत प्रश्न टाकतात. बाके वाजतात, सभापती दटावतात, संध्याकाळच्या बातम्यांना दोन मिनिटांचा तुकडा मिळतो.

पाहायला मजा येते, यात शंका नाही. पण सरकारी पैसा कुठे गेला हे शोधायचे असेल तर गुरुवारची दुपार सोडून द्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. त्या पाऊण तासात प्रश्नकर्त्याला उत्तर नको असते आणि उत्तर देणाऱ्याला प्रश्न नको असतो. खरी झडती दोन ठिकाणी होते: लेखी प्रश्नांत, आणि सकाळी भरणाऱ्या समित्यांच्या खोल्यांत, जिथे प्रेक्षकांच्या खुर्च्या बहुधा रिकाम्या असतात.

स्कॉटलंडची ही पार्लमेंट वयाने लहान आहे. सप्टेंबर १९९७ च्या सार्वमतात चौघांपैकी जवळजवळ तिघांनी तिच्या बाजूने कौल दिला, १९९८ मध्ये लंडनच्या संसदेने कायदा केला आणि मे १९९९ मध्ये पहिले १२९ सदस्य निवडून आले. त्यांतले ७३ मतदारसंघांतून आणि ५६ विभागवार याद्यांमधून. आरोग्य, शिक्षण, पोलीस, न्यायालये, वाहतूक हे विषय एडिनबराकडे. संरक्षण, परराष्ट्र व्यवहार, स्थलांतर लंडनकडे राखीव. मुंबई प्रांताने हा प्रकार शंभर वर्षांपूर्वी अनुभवला आहे. माँटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणांनंतर आलेल्या द्विदल राज्यपद्धतीत शिक्षण, आरोग्य, स्थानिक स्वराज्य ही सोपीव खाती आपल्या मंत्र्यांकडे आणि पोलीस, महसूल, अर्थ ही राखीव खाती गव्हर्नरच्या मंडळाकडे होती. प्रश्न विचारण्याचा हक्क त्याच्याही आधीचा, १८९२ च्या कायद्याने मिळालेला. पण उत्तरावर उपप्रश्न विचारायची मुभा मिळायला १९०९ उजाडले. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९०२ मध्ये केंद्रीय कायदेमंडळात शिलकी अंदाजपत्रकाची चिरफाड केली, तेव्हा त्यांना त्या अंदाजपत्रकावर साधे मत देण्याचाही अधिकार नव्हता. आकडे मात्र त्यांनी सरकारच्याच कागदांतून काढलेले होते.

एडिनबराला मताचा अधिकार आहे आणि पैसाही थोडाथोडका नाही. वर्षाचा खर्च साठ अब्ज पौंडांच्या आसपास. मोठा वाटा लंडनकडून ठरलेल्या सूत्राने येतो. २०१६ च्या कायद्यानंतर पगारावरच्या आयकराचे दर आणि टप्पे स्कॉटलंड स्वतः ठरवते. दुसरे सभागृह नाही. आपल्या विधान परिषदेसारखी पुन्हा एकदा चाळून पाहण्याची जागा नसल्याने विधेयकही समितीतच तपासायचे आणि हिशेबही समितीतच. शिवाय ऑक्टोबर १९९९ मध्येच लंडनच्या हाऊस ऑफ कॉमन्सने ठराव केला की सोपवून दिलेल्या विषयांवर तिथे प्रश्न घ्यायचे नाहीत. म्हणजे ग्लासगोच्या रुग्णालयाबद्दल ग्लासगोच्याच खासदाराला लंडनमध्ये विचारता येत नाही. विचारायचे ते एडिनबरात, आणि तिथले मंत्री अडचणीत आले की लंडनच्या तिजोरीकडे बोट दाखवतात. केंद्र आणि राज्य यांच्या बोटांच्या या खेळाची मराठी वाचकाला ओळख करून द्यायला नको.

आता लेखी प्रश्न. प्रत्येक प्रश्नाची सुरुवात ठरलेली: 'स्कॉटिश सरकारला विचारण्यात येते की'. पुढे थोडक्यात मुद्दा. वाद घालायचा नाही, मत मांडायचे नाही, न्यायप्रविष्ट बाबीला हात लावायचा नाही आणि विषय स्कॉटिश सरकारच्या अखत्यारीतला हवा. पार्लमेंटचे कर्मचारी मजकूर तपासतात आणि प्रश्नाला क्रमांक देतात. त्या क्रमांकात कितव्या पार्लमेंटचा प्रश्न आहे, लेखी की तोंडी, हे अक्षरांवरूनच कळते. कामकाजाच्या दिवसांत उत्तर साधारण दहा दिवसांत, सुट्टीच्या काळात वीस दिवसांत यायला हवे. आले की ते सर्वांसाठी खुले होते. वर्षाला असे हजारो प्रश्न पडतात: हंगामी परिचारिकांवर किती खर्च झाला, सल्लागार कंपन्यांना किती दिले, मंत्र्यांचे विशेष सल्लागार किती आणि त्यांचे पगार किती, रिक्त पदे किती, अमुक अहवालातल्या शिफारशींचे पुढे काय झाले.

आपल्या तारांकित प्रश्नाची घडण वेगळी. 'हे खरे आहे काय. असल्यास कोणती कार्यवाही केली. नसल्यास विलंबाची कारणे काय आहेत?' आणि खाली मंत्र्यांचे 'अंशतः खरे आहे', 'होय', 'प्रश्न उद्भवत नाही'. ज्याने कधी विधिमंडळाची प्रश्नोत्तरांची यादी चाळली आहे, त्याला 'प्रश्न उद्भवत नाही' या तीन शब्दांमागे किती कामचुकारपणा मावतो ते ठाऊक असते. स्कॉटलंडच्या मंत्र्यांचेही तसे ठेवणीतले उत्तर आहे: 'ही माहिती केंद्रीय पातळीवर ठेवली जात नाही.' आरोग्यसेवा १४ प्रादेशिक मंडळांत विभागलेली, शाळा स्थानिक परिषदांकडे, पोलिसांचे रोजचे काम पोलिसांच्या अखत्यारीत. म्हणजे प्रश्न मंत्र्याला, माहिती तिसरीकडे. अनुभवी आमदार मग १४ मंडळांना माहिती अधिकारात स्वतंत्र अर्ज करतो आणि १४ उत्तरांची बेरीज घरी करतो. त्या कायद्यातही अट आहेच. माहिती काढायला ६०० पौंडांहून जास्त खर्च येत असेल तर अर्ज नाकारता येतो. त्यामुळे प्रश्न बारीक कापून विचारण्याची कला तिथल्या आमदारांच्या कचेऱ्यांत काम करणाऱ्या तरुण सहायकांना पहिल्या काही महिन्यांतच शिकावी लागते.

आणखी एक प्रकार आहे. सरकारला एखादी घोषणा गाजावाजा न करता करायची असेल, तर ते आपल्याच आमदाराकडून प्रश्न विचारून घेते आणि उत्तरात घोषणा करते. एवढे बरे की असा प्रश्न सरकारच्या सांगण्यावरून आला आहे, हे त्याच्यापुढे नोंदवावे लागते. ही पद्धत आपल्याकडे आली तर कितीएक प्रश्नांपुढे तशी नोंद करावी लागेल, याचा विचार मी करत नाही.

फुटकळ प्रश्नांचीही रेलचेल असते. २०२३ मध्ये तिथल्या लेबर पक्षाने माहिती अधिकारात सरकारी खरेदी-कार्डांवरचा खर्च मागवला. तीन वर्षांत सुमारे १ कोटी ४० लाख पौंड. त्या यादीत नेलपॉलिशही निघाले आणि योगाचे वर्गही. वर्तमानपत्रांना आठवडाभर पुरेल एवढा मजकूर मिळाला. नेलपॉलिशने सरकार बुडत नाही, हे विचारणाऱ्यांनाही कळते. पण लहान रकमेत सामान्य माणसाला गैरवापर दिसतो, मोठ्या रकमेत फक्त शून्ये दिसतात. आरोग्यमंत्री मायकेल मॅथेसन यांचे तेच झाले. मोरोक्कोतल्या सुट्टीत पार्लमेंटने दिलेल्या आयपॅडवर जवळजवळ ११ हजार पौंडांचे डेटा-बिल झाले. आधी ते कामाचे म्हणून सांगितले गेले, मग मुलांनी त्यावर फुटबॉलचे सामने पाहिले होते हे बाहेर आले. फेब्रुवारी २०२४ मध्ये मंत्रिपद गेले, मे महिन्यात २७ दिवसांचे निलंबन झाले. रुग्णालयांच्या प्रतीक्षायाद्यांपायी त्यांना जावे लागले नव्हते.

नोकरवर्गाबद्दल विचारताना एक गाठ आडवी येते. स्कॉटिश सरकारचे अधिकारी ब्रिटनच्या सामाईक प्रशासकीय सेवेतलेच असतात. समितीपुढे ते मंत्र्याच्या वतीने बोलतात, स्वतःचे मत सांगत नाहीत. याला एक मोठा अपवाद ठेवलेला आहे. खात्याच्या पैशाची जबाबदारी ज्याच्यावर आहे, तो अधिकारी हिशेबापुरता स्वतः पार्लमेंटला उत्तरदायी असतो. एखादा खर्च पैशाचे मोल देत नाही अशी त्याची खात्री झाली, तर तो मंत्र्याला सांगू शकतो: 'लेखी आदेश द्या, मग करतो.' तो आदेश महालेखापरीक्षकांपर्यंत जातो. तोंडी हुकूम आणि नंतर हात झटकणे, या दोन्हींवरचा हा उतारा आहे. त्याचे महत्त्व दोन बोटींच्या प्रकरणात दिसले.

क्लाइड नदीच्या मुखाशी पोर्ट ग्लासगो येथे फर्ग्युसन ही जहाजबांधणीची गोदी आहे. क्लाइडच्या खालच्या टापूत व्यापारी जहाजे बांधणारी हीच एक उरलेली. २०१४ मध्ये ती दिवाळ्यात निघाली आणि उद्योगपती जिम मॅकॉल यांनी विकत घेतली. वर्षभरात तिला बेटांची वाहतूक करणाऱ्या दोन मोठ्या फेरीबोटींचे काम मिळाले. किंमत ठरली ९ कोटी ७० लाख पौंड, बोटी मिळायच्या २०१८ मध्ये. बोटी घेणारी कॅलेडोनियन मेरीटाइम अ‍ॅसेट्स ही कंपनी सरकारी मालकीची. जहाजबांधणीत रिवाज असा की काम फसले तर दिलेले पैसे परत मिळतील अशी पूर्ण हमी बांधणाऱ्याने द्यायची. फर्ग्युसनला निवडल्याचे फर्स्ट मिनिस्टर निकोला स्टर्जन यांनी ऑगस्ट २०१५ मध्ये जाहीर केले. त्यानंतर कळले की अशी पूर्ण हमी गोदी देऊ शकत नाही. बोटी घेणाऱ्या कंपनीने धोक्याची लेखी जाणीव करून दिली. तरी ऑक्टोबरमध्ये करार झाला.

नोव्हेंबर २०१७ मध्ये पहिल्या बोटीचे, 'ग्लेन सॅनॉक्स'चे, जलावतरण स्टर्जन यांच्या हस्ते झाले. बोट पाण्यात गेली, पण सुकाणूघराच्या खिडक्या काळ्या रंगाने रंगवलेल्या होत्या आणि धुराडी तात्पुरती बसवलेली. खाली काम अर्धवट होते. कराराप्रमाणे पोलाद कापले, सांगाडा उभा राहिला की पैसे द्यायचे, काम बरोबर झाले की नाही याच्याशी देयकाचा संबंध नव्हता. असे सुमारे ८ कोटी ३० लाख पौंड देऊन झाले. वर सरकारने साडेचार कोटींची कर्जे दिली. ऑगस्ट २०१९ मध्ये गोदी पुन्हा बुडाली आणि डिसेंबरात सरकारने ती ताब्यात घेतली.

गुरुवारच्या दुपारी या बोटींवर किती वेळा आरडाओरडा झाला, मोजदाद नाही. प्रत्येक वेळी उत्तर एकच: शेकडो कामगारांच्या नोकऱ्या वाचवल्या. उत्तर खोटे नव्हते. म्हणूनच ते इतके दिवस चालले.

कोंडी फुटली ती समित्यांत. ग्रामीण अर्थव्यवस्था समितीने डिसेंबर २०२० मध्ये या साऱ्या व्यवहाराला 'भयंकर अपयश' असे म्हणणारा अहवाल दिला. मार्च २०२२ मध्ये महालेखापरीक्षक स्टीफन बॉइल यांचा अहवाल आला, आणि त्यातला सर्वांत जड मुद्दा एका न सापडलेल्या कागदाचा होता. पूर्ण हमी नसताना करार मंजूर का केला, याची पुरेशी नोंद मंत्र्यांच्या दप्तरात मिळाली नाही. मंजुरी आहे, कारण नाही. मे महिन्यात सरकारला एक ईमेल सापडली. तिच्यावरून तेव्हाचे वाहतूकमंत्री डेरेक मॅके यांची संमती कळली. धोका पत्करण्यामागचा विचार काय होता, हे त्यातही नव्हते. सार्वजनिक लेखा समितीने मॅके यांना बोलावले, नोव्हेंबरात खुद्द स्टर्जन यांना बोलावले. समितीचे अध्यक्ष रिचर्ड लेनर्ड विरोधी लेबर पक्षाचे. आपल्या लोकलेखा समितीप्रमाणे तिथेही ही खुर्ची विरोधकांकडे असते. तासन्‌तास चाललेल्या त्या साक्षी छापील रूपात वाचल्या तर एकच प्रश्न वेगवेगळ्या तोंडांनी पुन्हा पुन्हा विचारलेला दिसतो: हे कुठे लिहिले आहे? मार्च २०२३ च्या अहवालात समितीने नोंदी ठेवण्यातल्या ढिलाईवर नेमके बोट ठेवले. त्याच सुमारास, सरकारी झालेल्या या गोदीतल्या वरिष्ठांना ८७ हजार पौंडांचे बोनस वाटल्याचेही लेखापरीक्षणातून उजेडात आले.

आणि मग मे २०२३. दुसरी बोट, 'ग्लेन रोझा', पुरी करण्यापेक्षा नवी बांधून घेणे स्वस्त पडेल असे तपासणीत निघाले. खर्चाला जबाबदार अधिकारी आपल्या नावावर असा खर्च पास करू शकत नव्हते. मंत्री नील ग्रे यांनी लेखी आदेश दिला आणि तसे सभागृहात सांगितले. निर्णय चूक की बरोबर, यावर वाद होऊ शकतो. बेटवासीयांना बोट लवकर हवी होती, गोदीतल्या कामगारांना काम हवे होते. पण हा निर्णय कोणी घेतला आणि अधिकाऱ्यांचे मत काय होते, हे शोधायला आता कुणाला दोन वर्षे समिती भरवावी लागणार नाही. २०१५ आणि २०२३ मधला फरक एवढाच, आणि तो मला फार मोठा वाटतो. 'ग्लेन सॅनॉक्स' जानेवारी २०२५ मध्ये ॲरन बेटाच्या फेऱ्यांवर लागली, दुसरीची तारीख त्या वर्षीही पुढे ढकलली गेली. दोन्हींचा मिळून खर्च मूळ किमतीच्या चौपटीपलीकडे गेला आहे.

हे प्रश्न विचारणारे सभागृह स्वतः याच परीक्षेतून गेले आहे. १९९७ मध्ये पार्लमेंटच्या इमारतीचा अंदाज १ ते ४ कोटी पौंड होता. स्पॅनिश वास्तुविशारद एन्रिक मिराजेस यांनी आराखडा काढला, ते २००० मध्ये वारले, इमारत २००४ मध्ये उघडली आणि हिशेब ४१ कोटी ४० लाखांवर थांबला. लॉर्ड फ्रेझर यांची चौकशी बसली. त्या चौकशीतही मुख्य तक्रार हीच, की वाढता खर्च आणि धोके ज्यांना कळायला हवे होते त्यांना वेळेवर कळवले गेले नाहीत.

वेल्सबद्दल दोनच ओळी. तिथल्या सेनेडमध्ये, म्हणजे वेल्सच्या पार्लमेंटमध्ये, ६० सदस्य होते. मंत्री आणि सभापती वजा केले तर सरकारला जाब विचारायला माणसेच उरत नाहीत, अशी तक्रार वर्षानुवर्षे होती. २०२४ मध्ये कायदा करून २०२६ पासून ९६ सदस्य करायचे ठरले. लोकांना राजकारणी वाढवणे कधीच आवडत नाही, पण समितीत बसायला माणूस हवा हे खरेच आहे.

उत्तर आयर्लंडची गोष्ट मात्र वेगळी आणि काळजीची. तिथे शांतता कराराप्रमाणे ब्रिटनवादी आणि आयरिशवादी अशा दोन्ही समाजांचे मोठे पक्ष मिळून सरकार चालवतात. अधिकृत विरोधी पक्ष असू शकतो, ही तरतूदच २०१६ मध्ये झाली. तोवर जवळजवळ सगळे सभागृह सरकारात. मग विचारायचे कोणी? नोव्हेंबर २०१२ मध्ये उद्योगांना लाकडाच्या गोळ्यांवर चालणारे बंब बसवायला उत्तेजन देणारी योजना आली. ब्रिटनच्या मूळ योजनेत खर्चाला लगाम होता, इथे तो वगळला गेला. एक पौंडाचे इंधन जाळले की एक पौंड साठ पेन्स मिळायचे. रिकाम्या शेडसुद्धा तापवल्या जात असल्याची कुजबूज सुरू झाली. एका व्यावसायिक महिलेने सुरुवातीच्या काळातच सरकारला सावध केले होते, तिला धूप घातली गेली नाही. फेब्रुवारी २०१६ मध्ये योजना बंद झाली तेव्हा वीस वर्षांत मिळून ४९ कोटी पौंडांपर्यंत जादा भुर्दंड पडेल असा अंदाज होता. लेखापरीक्षकांचा अहवाल आला, लोकलेखा समिती बसली, दूरचित्रवाणीने प्रकरण लावून धरले. जानेवारी २०१७ मध्ये उपप्रमुख मार्टिन मॅकगिनेस यांनी राजीनामा दिला आणि सरकार कोसळले. तीन वर्षे विधानसभेचे कामकाज ठप्प राहिले.

न्यायमूर्ती पॅट्रिक कॉग्लिन यांच्या चौकशीत २०१८ मध्ये तिथल्या प्रशासनाचे प्रमुख डेव्हिड स्टर्लिंग यांनी शपथेवर एक गोष्ट सांगितली. मंत्र्यांच्या बैठकांची इतिवृत्ते लिहिण्याची पद्धत मागे पडली होती, आणि त्यामागे माहिती अधिकाराखाली ती बाहेर पडतील ही धास्तीही होती. म्हणजे प्रश्न येण्याआधीच त्याचे उत्तर नष्ट झालेले. मार्च २०२० च्या अहवालात ३१९ निष्कर्ष आणि ४४ शिफारशी आहेत. भ्रष्टाचारापेक्षा निष्काळजीपणा आणि अकार्यक्षमता यांवर त्याचा भर आहे. माझ्या मते इतिवृत्त न लिहिणे याला निष्काळजीपणा म्हणणे फार सौम्य झाले.

स्कॉटलंडने यातून शहाणपण घेतले असे म्हणावे, तर पुढची गोष्ट आडवी येते. माजी फर्स्ट मिनिस्टर अ‍ॅलेक्स सॅमंड यांच्याविरुद्धच्या लैंगिक छळाच्या तक्रारींची हाताळणी न्यायालयात टिकली नाही. सरकारने जानेवारी २०१९ मध्ये माघार घेतली आणि सॅमंड यांच्या खर्चापोटी ५ लाख १२ हजार २५० पौंड मोजले. वकिलांनी सरकारला काय सल्ला दिला होता ते दाखवा, असा ठराव पार्लमेंटने दोनदा केला. कागद बाहेर पडू लागले ते मार्च २०२१ मध्ये, उपप्रमुख जॉन स्विनी यांच्यावर अविश्वास ठरावाची तलवार लटकली तेव्हा. मग कोविडची चौकशी. जानेवारी २०२४ मध्ये एडिनबरात साक्ष देताना स्टर्जन यांनी साथीच्या काळातले व्हॉट्सअ‍ॅप संदेश आपण पुसल्याचे मान्य केले. महत्त्वाचे ते सगळे सरकारी दप्तरात नोंदवले होते, असे त्यांचे म्हणणे. ते खरे असेलही. पण पुसलेल्यात काय होते, हे कळायला पुसणाऱ्याच्या शब्दाशिवाय दुसरा आधार राहिला नाही. त्याच वर्षी डिसेंबरात सरकारने जाहीर केले की २०२५ च्या वसंतापासून सरकारी कामासाठी असे खासगी संदेश-ॲप वापरायचे नाहीत.

प्रश्न विचारणारे हुशार असोत, सभापती निःपक्षपाती असोत, उत्तराला दहा दिवसांची मुदत असो, हे सगळे हवेच. पण यांतल्या प्रत्येक प्रकरणात सरकार जिथे पकडले गेले ते लिहून ठेवलेल्या ओळीपाशी, आणि जिथे निसटले ते न लिहिलेल्या ओळीपाशी. तेव्हा आपल्याकडे एखाद्या पुलाची किंवा मेट्रोची किंमत दुप्पट झाल्याची बातमी वाचाल, तेव्हा मंत्र्याने सभागृहात काय सांगितले याच्या नादी फार लागू नका. त्या नस्तीवर कोणत्या अधिकाऱ्याने काय शेरा मारला होता आणि तो डावलून सही कोणाची झाली, हा तारांकित प्रश्न टाकायला आपल्या आमदारांना सांगा. ते टाळाटाळ करू लागले तर तीच टिप्पणी माहिती अधिकारात स्वतः मागा. महाराष्ट्रात त्या अर्जाचे शुल्क दहा रुपये आहे.